दिंडीत नाव नाही, लोणंदपासून वारी चालायचीये, तर रात्री झोपायचं कुठं?

तुम्ही विचारलंय की नवरा-बायको आणि सोबत साठी ओलांडलेली आई, असे तिघं लोणंदपासून पंढरपूरपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चालणार, दिंडीत नाव नाही, मग रोजचं हॉटेल बुक करून जमेल का, का स्वतःचा तंबू न्यावा, का गावात कुणी ठेवून घेतं. आमच्या दिंडीत (दिंडी म्हणजे एकत्र चालणारा वारकऱ्यांचा गट) मुक्कामाचं माझ्याकडं असतं. म्हणजे सकाळी ट्रकबरोबर पुढं जायचं, जागेवर सुतळ्या ताणायच्या, तंबू उभे करायचे आणि रात्री दहाला कुणीतरी रडवेलं होऊन येतं की आमची दिंडी सापडत नाही, त्याला पोचवून यायचं. त्यामुळं जरा लांबण लागणारे, चहा घेऊन वाचा.

एका ओळीत सांगायचं तर आधी दिंडी धरा, जागेचं दिंडी बघते. दिंडीशिवाय पण जमतं, लोक करतात, पण तुमच्यासोबत आई आहेत म्हणून मी तरी तसं सुचवणार नाही.

हॉटेलचं का जमत नाही ते आधी. लोणंद ते पंढरपूर या वाटेवर लॉज म्हणावेत असे फलटणला आहेत, थोडेफार लोणंद, नातेपुते, माळशिरसला. तरडगाव, बरड, भंडीशेगाव, वाखरी ही गावंच छोटी आहेत हो, एरवी तिथं पाहुणा आला तर घरात झोपतो, लॉज कुणासाठी काढणार? आणि जिथं आहेत तिथं पालखीच्या दिवशीच्या खोल्या बंदोबस्ताचे लोक, अधिकारी, टीव्हीवाले, आणि एसी गाडीतून 'एक दिवस वारी' करायला आलेली मंडळी यांनी आधीच धरलेल्या असतात, उरलेल्याचा भाव त्या दिवशी काय होतो ते विचारू नका. बरं पैसे टाकून खोली मिळवली तरी दुसरी अडचण येते. पालखीच्या दिवशी तो रस्ता गाड्यांना बंद असतो, एसटी दुसरीकडून वळवलेली असते. म्हणजे बरडला चालणं संपवून 'जरा गाडी करून फलटणच्या लॉजवर जाऊ नि सकाळी परत येऊ' हे कागदावर अर्ध्या तासाचं काम प्रत्यक्षात रात्री अकराला संपतं आणि पहाटे चारला परत निघायचं असतं. हे दोन रात्री करून बघा, तिसऱ्या दिवशी चालायला पाय नाही उचलत.

काहीजण हुशारी करून अकलूजला खोली घेतात, माळशिरसपासून फार लांब नाही म्हणून. तर माउली माळशिरसला असतात त्याच सुमारास तुकोबांची पालखी अकलूजला मुक्कामाला असते. तिथंही तीच गर्दी, वर मधला प्रवास!

आता दिंडीचं. ज्यांना आतून माहिती नाही त्यांना वाटतं लाखो लोक चालतायत म्हणजे रात्री मिळेल तिथं पडत असतील. तसं अजिबात नाही. दिंड्या क्रमांकवार असतात, पालखीच्या रथापुढच्या वेगळ्या नि रथामागच्या वेगळ्या, आणि प्रत्येक मुक्कामाच्या गावात प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली असते. कुणाची एखाद्याच्या वाड्यात, कुणाची शाळेच्या आवारात, कुणाची अमक्याच्या रानात, आणि ही जागा कित्येक दिंड्यांची आज्या-पणज्यापासून तीच आहे. शेतकरी त्या वावरात पेरणी उशिरा करतो, दिंडी येऊन गेली की मग औत घालतो. भंडीशेगावात आमच्या जागेला लागून दुसऱ्या एका दिंडीची जागा आहे, मध्ये नुसता बांध. एका वर्षी आमची पोरं ट्रक घेऊन सकाळी दहाला पोचली तर त्यांच्या खुंट्या बांधाच्या अलीकडं दोन हात ठोकलेल्या. आमच्या पोराच्या हातात घण, त्यांच्या माणसाच्या हातात घण, दोघंही एकमेकाला माउली माउलीच म्हणतायत पण आवाज चढलेला. रानमालक म्हातारा शेळीचा कासरा धरून आला, काही बोलला नाही, पायानं मातीत रेघ ओढली आणि गेला. दोन मिनिटात खुंट्या निघाल्या. सांगायचा मुद्दा, इथं मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते. दुपारी बाराला रिकामं रान बघून तुम्ही तंबू लावाल आणि चारला चाळीस-पन्नास माणसं घेऊन ट्रक येईल, मग भर पावसात परत गुंडाळा.

दिंडीत नाव घालायचं म्हणजे काय तर भिशी भरायची. त्यात दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा-नाष्टा, तंबूत झोपायला जागा आणि ट्रकमध्ये सामान हे सगळं येतं. रक्कम दिंडीगणिक वेगळी असते, पण बऱ्याच ठिकाणी पूर्ण वारीची भिशी म्हणजे तुमच्या त्या गर्दीतल्या लॉजचं दोन रात्रींचं भाडं. मध्ये लोणंदपासून किंवा फलटणपासून येणारे भरपूर असतात, त्यांना घेतात, पण आधी सांगितलेलं असेल तर. तंबू किती न्यायचे, शिधा किती भरायचा हे सगळं माणसं मोजूनच ठरतं. म्हणून चैत्र-वैशाखातच बोलून घ्या. आळंदीहून पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला असतं, त्याच्या आदल्या आठवड्यात फोन करणाऱ्याला दिंडीचालक नाही म्हणत नाही, 'या माउली' म्हणतो, पण मग तुम्ही तंबूत तेरावे असता आणि पाऊस आला की कडेला कोण, तर तुम्ही.

ओळख कुठनं काढायची? तुमच्या मूळ गावी जा, किंवा गावाकडं फोन करा. जिथं भजनी मंडळ आहे तिथं कुणी ना कुणी वारकरी असतोच, आणि तो कुठल्या दिंडीत चालतो ते विचारा. इंटरनेटवर शोधण्यापेक्षा हे दहापट खात्रीचं, कारण त्या माणसाला तुमच्या आजोबाचं नाव माहीत असतं आणि मग तुमच्या आईला तंबूत मधली जागा आपोआप मिळते. शहरातल्या सोसायट्यांचे, ऑफिसचे ग्रुप पण आता चालतात, चांगले असतात, पण पहिलं वर्ष असलेल्या ग्रुपला मुक्कामाच्या जागा ठरलेल्या नसतात, त्यांना तेवढं स्पष्ट विचारा की तरडगावला आणि बरडला तुमची जागा नक्की कुठं आहे. उत्तर 'बघू, होऊन जाईल' असं आलं की समजून जा.

दिंडीचालकाला अजून काय विचारायचं, तर बायकांचा तंबू वेगळा आहे का, पाण्याचा टँकर दिंडीचा स्वतःचा आहे का, आणि संडासाची सोय काय. शेवटचं विचारायला लोक लाजतात, लाजू नका. गेल्या काही वर्षांत निर्मल वारीमुळं फिरती शौचालयं बरीच आलीयेत, पालखी तळाच्या, म्हणजे पालखी मुक्कामाला थांबते त्या मैदानाच्या आजूबाजूला ओळीनं उभी असतात, पण पहाटे साडेचारनंतर तिथं रांग बघून रडू येतं. आईंना तीन-साडेतीनला उठवा, टँकर पण तेव्हा भरलेला असतो, बायकांच्या आंघोळी तेव्हाच उरकतात. खाली बसता येत नसेल तर फोल्डिंगची कमोडखुर्ची मिळते ती ट्रकमध्ये टाका, आमच्यात दोन आज्या आणतात, सगळा तंबू त्यांना दुवा देतो.

तंबूत झोपणं म्हणजे काय याची कल्पना देऊन ठेवतो, नाहीतर पहिल्याच रात्री बायको तुमच्यावर चिडायची. माणसी दोन-अडीच फूट रुंदी, पायाशी दुसऱ्या ओळीची डोकी, खाली ताडपत्री, त्यावर तुमची पथारी. गादी-बिदी नाही. एक जाड प्लॅस्टिकचा कागद, सतरंजी, चादर, हवेची उशी, बस. कागद मोठा घ्या, खाली अंथरून उरलेला उशाकडनं अंगावर ओढता आला पाहिजे, आषाढातला वाऱ्यासकटचा पाऊस तंबूच्या शिवणीतनं गळतोच. तंबूच्या भोवती चर मारलाय का ते तुम्ही स्वतः फिरून बघा, नसेल तर पोरांना फावडं मागा, दहा मिनिटाचं काम असतं पण रात्री दोनला पाणी आत आल्यावर ते कुणाला सुचत नाही. जागा धरताना मधल्या खांबाच्या जवळची धरा, कनातीला चिकटून नको. दाराशी तर नकोच, रात्रभर माणसं पायावर पाय देऊन जातात. आणि घोरण्याबद्दल तक्रार करू नका, कुणीही ऐकत नाही, कापूस न्या.

आता दिंडीचा क्रमांक. हे मी दरवर्षी नव्या माणसांना ओरडून सांगतो. नुसतं 'आमची अठरा नंबर' असं पाठ करू नका, अठरा रथापुढं पण आहे आणि रथामागं पण. पुढं की मागं हे सांगितल्याशिवाय पोलीस काय नि स्वयंसेवक काय, कुणीच तुम्हाला पोचवू शकत नाही. ट्रकवर पाटी असते, त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि आईंच्या पिशवीत कागदावर लिहून ठेवा, कारण मुक्कामाच्या गावात संध्याकाळी नेटवर्क झोपतं, फोन लागतच नाही. पालखी तळावर समाजआरती होते तेव्हा चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त बघणारे, हातातला दंड वर करतात, हजारो टाळ एकदम थांबतात, आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढीच टाळ वाजवत राहते, मग तिचं ऐकून घेतात. हरवलं-सापडल्याचं पण तिथंच पुकारतात. कुणी चुकलं तर आरतीच्या वेळी तळावर जा, इकडंतिकडं फिरत बसण्यापेक्षा बरं.

बरं, समजा दिंडी मिळालीच नाही. तरी जायचंच आहे. मग मुक्कामाच्या गावात झोपायचा हट्ट सोडा. पालखी जिथं थांबते त्याच्या अलीकडं किंवा पलीकडं तीन-चार किलोमीटरवर माणूस माणसाला ओळखतं, घरं उघडी असतात, हातपंपाला रांग नसते. म्हणजे लोणंदहून पालखी दुपारी निघते, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण (वारकऱ्यांच्या रांगांमधनं अश्व धावतो तो सोहळा) होतं, ते आईंना बघायचं असणारच, बघा, पण मग तरडगावात घुटमळू नका, सगळी गर्दी तिथं तुंबते, तुम्ही तसेच काळज-सुरवडीच्या बाजूला सरका. फलटण मोठं आहे, तिथं पालखी विमानतळाच्या मैदानावर असते, गावात मंगल कार्यालयं, शाळा, मंदिरं सगळी दिंड्यांना दिलेली असतात, पण शहर असल्यामुळं ओळखीतनं घर मिळतं, लॉज घ्यायचाच तर या एका ठिकाणी महिना-दीड महिना आधी घ्या आणि आईंना एक रात्र नीट पलंगावर झोपवा, पाठ मोकळी होते. बरडच्या आधी विडणी, पिंप्रद आहेत, तिथंच दुपारी चारच्या सुमारास विचारायला सुरुवात करा. नातेपुत्याच्या अलीकडं धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो, तिथनं पुढं सदाशिवनगर, येळीव, खुडूस ही गावं आतवर पसरलेली आहेत, मेन रोड सोडून किलोमीटरभर वस्तीत गेलात तर जागा मिळते. वेळापूर ते भंडीशेगाव हा टप्पा सगळ्यात अवघड. ठाकूरबुवाचं रिंगण, मग तोंडले-बोंडले, मग टप्पा नावाच्या ठिकाणी माउली-सोपानकाकांच्या पालख्यांची बंधुभेट, आणि दुसऱ्या पालख्यांचे लोक पण जवळ आलेले असतात. इथं तोंडल्याच्या आसपासच थांबलेलं बरं.

चारचं मी मुद्दाम सांगितलं. सहानंतर विचारलं की घरातल्या बाईनं स्वयंपाक मांडलेला असतो, पडवीत आधीच पंधरा माणसं टेकलेली असतात, तिला नाही म्हणायला वाईट वाटतं आणि तुम्हालाही ऐकायला. चारला जा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, शक्यतो आईंनाच बोलू द्या, 'माउली, रात्रीपुरतं पडवीत टेकू का, जेवण आमचं आहे' एवढं पुरे. पैशाचं नाव काढू नका, वारकऱ्याकडनं झोपायचे पैसे घेणं या पट्ट्यात लोकांना अपमान वाटतो. संध्याकाळी त्यांच्या देवासमोर हरिपाठ म्हणा, पोरांच्या हातावर राजगिऱ्याचे लाडू ठेवा, आणि पहाटे निघताना झोपलेली जागा झाडून निघा. पुढच्या वर्षी तुम्हाला विचारावं लागणार नाही. आमच्या ओळखीत अशी घरं आहेत की त्यांच्या लग्नाच्या पत्रिका पुण्या-मुंबईच्या वारकऱ्यांना जातात.

स्वतःचा तंबू आणावा का? तो पॉप-अपवाला तीन माणसांचा? पाठीवर घेऊन चालणार असाल तर नको, ओला झाला की वजन दीडपट होतं आणि तो वाळवायला ऊन कुठनं आणणार. पण दिंडीत नाव असेल, तंबू ट्रकमध्ये जाणार असेल आणि चालकाची परवानगी असेल तर दिंडीच्या मोठ्या तंबूच्या कडेला तुमचा छोटा लावता येतो, तुमच्या केसमध्ये मला हेच सगळ्यात बरं वाटतं. जेवण दिंडीत, झोप आपापली.

दोन-तीन ठिकाणी मात्र काही झालं तरी झोपू नका. ट्रकच्या खाली किंवा चाकांपुढं, कितीही पाऊस असो. पहाटे चारला अंधारात ट्रक हलतात, ड्रायव्हर अर्धवट झोपेत असतो, खाली कोण बघणार. नवा चौपदरी रस्ता झालाय तिथं कडेच्या पट्ट्यावर पण नको, गुळगुळीत सिमेंट बघून मोह होतो, पण रस्ता रात्री कधी सुरू होईल सांगता येत नाही आणि मग गाड्या सुसाट सुटतात. उसाच्या कडेला नको, तिथं साप-विंचू निघतात. आणि पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्रात नको. वर उजनीतनं किंवा वीरमधनं पाणी सोडलं की इथं पातळी चढते, पाऊस इथं नसला तरी.

वाखरीचं नि पंढरपूरचं वेगळं गणित आहे. आषाढ शुद्ध नवमीला सगळ्या पालख्या वाखरीत जमतात, तिथं नव्या माणसाला जागा हा विषयच नाही, आणि तिथनं पंढरपूर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. आधी पंढरपुरात सोय करून ठेवली असेल तर बाजीराव विहिरीचं रिंगण बघा आणि त्याच संध्याकाळी सरळ पुढं निघून जा. सोय म्हणजे मठ. पंढरपुरात गावांचे, तालुक्यांचे, समाजांचे, फडांचे किती मठ-धर्मशाळा आहेत याला गणती नाही, तुमच्या तालुक्याचा किंवा शेजारच्या तालुक्याचा बहुतेक निघेलच. तिथं दिंडीच्या ओळखीनं किंवा गावाच्या पत्रानं जागा मिळते, खोली नाही, जागा, हॉलमध्ये. मंदिर समितीचं भक्तनिवास आहे, पण एकादशीच्या तोंडावर ते मिळेल असं धरून चालू नका. नदीपलीकडं '65 एकर' म्हणतात त्या मैदानात प्रशासन प्लॉट पाडून देतं, पाणी, लाइट, संडास, दवाखाना सगळं असतं, पण प्लॉट दिंडीच्या नावानं मिळतो, म्हणजे फिरून गाडी दिंडीवरच आली. घरगुती खोल्या देतात लोक, ओळखीतनं आणि उन्हाळ्यातच ठरवलेल्या असतील तर ठीक, ऐन दशमीला स्टँडवर 'रूम पाहिजे का' विचारत येणाऱ्याच्या मागं आईंना घेऊन जाऊ नका. आणि द्वादशीला बारस सोडून गर्दी एकदम ओसरायला लागते, त्या रात्री जागेची मारामार नसते, तेव्हा एकादशीच्या रात्रीच परत निघायची घाई करण्यापेक्षा एक दिवस थांबा.

शेवटी सामानाचं. तुम्ही आईंच्या बीपीच्या गोळ्यांचं लिहिलंय म्हणून सांगतो, गोळ्या, एक कोरडी साडी, स्वेटर आणि प्लॅस्टिकचा कागद हे ट्रकच्या बॅगेत टाकू नका, अंगावरच्या पिशवीतच ठेवा. बाकीचं सगळं ट्रकमध्ये जाऊ दे. ट्रक आपल्या आधी पोचलेला असतो असं आपण धरतो, पण एखाद्या दिवशी तो वळवलेल्या रस्त्यावर अडकतो आणि रात्री नऊ-साडेनऊला येतो, तोवर तेवढ्याच सामानावर काढावं लागतं.